बेंबी सरकली, की दुखणं सरकलं?

पोटात दुखायला लागलं की बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर-निपाणी-चिकोडी पट्ट्यात पहिलं निदान घरातच होतं. गॅस झालाय, मुरडा आहे, कालचं मटण बाधलं, आणि सगळ्यांत ठाम निदान म्हणजे बेंबी सरकली. अडचण अशी की अपेंडिक्सचं दुखणंही बेंबीजवळच सुरू होतं, त्यामुळं पहिले काही तास घरचं निदान बरोबरच वाटत राहतं. हा धागा त्याच तासांसाठी आहे. असे पेशंट रोज बघणाऱ्या, तपासणाऱ्या, पोचवणाऱ्या मंडळींनी लिहावं. कुणाच्या मेव्हण्याचं काय झालं ते नको. काय बघायचं, किती थांबायचं आणि कुठं चुकतं एवढंच हवं.

सर्जन, बेळगाव

आधी एक किरकोळ दुरुस्ती. ‘अपेंडिक्स झालंय’ असं सगळे म्हणतात. अपेंडिक्स सगळ्यांनाच असतं, त्याला सूज आली की अपेंडिसायटिस. ओपीडीत ही दुरुस्ती करत बसायला वेळ नसतो, म्हणून इथंही सगळ्यांसारखंच म्हणतो.

करंगळीएवढी नळी, एका टोकाला बंद. तिचं तोंड शौचाच्या खड्यानं किंवा आतल्या सुजेनं बुजलं की आत पाझर साठतो, दाब वाढतो, रक्तपुरवठा तुटत जातो. या टप्प्यावर आतल्या अवयवाच्या नसा बोलत असतात आणि त्यांना नेमकी जागा सांगता येत नाही. म्हणून दुखणं बेंबीभोवती, मोघम, कधी जठराजवळ. पेशंट अख्खा तळवा पोटावर फिरवून दाखवतो. पुढं सूज नळीच्या बाहेर येऊन पोटाच्या अस्तराला लागली की अस्तराच्या नसा नेमकं बोट ठेवतात. दुखणं उजवीकडं खाली उतरतं आणि पेशंटही एकाच बोटानं जागा दाखवायला लागतो. हा प्रवास साधारण ६ ते २४ तासांत होतो. बेंबी सरकत नाही, दुखणं सरकतं.

क्रमही बघा: आधी दुखणं, मग जेवणावरची वासना जाणं, मग मळमळ किंवा एक-दोन उलट्या, मग ताप. ताप सुरुवातीला ९९.५ ते १०१ इतकाच. आधी धो-धो उलट्या-जुलाब आणि पोट नंतर दुखायला लागलं, तर पोट बाधल्याची शक्यता जास्त. पण निम्म्याच्या आसपास पेशंट असे पुस्तकातल्यासारखे वागतात, बाकीचे वागत नाहीत. अपेंडिक्स मोठ्या आतड्याच्या मागं दडलेलं असेल तर दुखणं कमरेत किंवा कुशीत जातं आणि मूतखडा समजून लोक पाणी पीत बसतात. ते खाली ओटीपोटात लोंबत असेल तर वारंवार लघवीला होते, पातळ शौचाला होते, आणि ‘इन्फेक्शन’ची गोळी सुरू होते.

एक नियम मात्र सगळ्यांना लागू आहे. चांगल्या हिंडत्या-फिरत्या माणसाचं पोट सलग ६ तास न थांबता दुखतंय आणि वाढतंय, तर त्याला त्याच दिवशी पोटावर हात ठेवून बघणाऱ्या डॉक्टरकडं न्यायचं. रात्र असेल तर रात्री.

आरोग्य कार्यकर्ती, जांबोटीकडची बाजू

घरात बघता येतील अशा तीन-चार गोष्टी. यानं निदान होत नाही, निघायचं की नाही ते ठरतं.

पेशंटला खोकायला सांगा. खोकल्यावर हात आपोआप उजव्या बाजूला खाली गेला, तर लक्ष द्या. उभं राहता येत असेल तर टाचा उचलून धप्पकन् खाली टेकायला सांगा, तिथंच कळ येते का बघा. चालताना बघा: कमरेत वाकून, उजवी बाजू धरून, पाय घासत चालतो. निजल्यावर उजवा गुडघा पोटाशी घेऊन पडतो आणि पाय सरळ करायला नको म्हणतो. मुरड्याचा पेशंट गडाबडा लोळतो, हा मात्र हलायलाच बघत नाही. हा फरक घरातल्या बायकांना लगेच समजतो, एकदा सांगितला की पुरे.

जागा शोधायची तर कमरेला पुढून हाताला लागणारं उजवं हाड आणि बेंबी यांच्यामध्ये रेघ धरा. हाडापासून एक तृतीयांश अंतरावर, म्हणजे चार-पाच सेंटीमीटरवर, बोटांच्या पेरांनी हळूच दाबा. एकदाच. पुनःपुन्हा दाबून, शेजारणीला दाबायला लावून काही नवीन कळत नाही.

आता चोळण्याचं. बेंबी बसवायला पोटाला तेल लावून खोल चोळतात, बेंबीवर तांब्या उपडा घालतात, दिवा ठेवून ओढ काढतात. साधा गॅस असेल तर यानं काही बिघडत नसेलही, पण सुजलेलं अपेंडिक्स चोळायची वस्तू नव्हे. शिवाय चोळणाऱ्या बाईकडं जायचं, तिनं उद्या सकाळी अनशापोटी परत या म्हणायचं, त्यात बारा तास जातात. मी त्या बायकांनाच सांगून ठेवलंय: पोट हाताला लागू देत नसेल, ताप असेल, तर हात लावायचा नाही, परत पाठवायचं. त्या ऐकतात, कारण पोट कडक लागलेलं त्यांच्या हाताला आपल्या आधी कळतं.

औषध दुकानदार, निपाणी

काउंटरवर तीन मागण्या येतात: पोट साफ व्हायचं काहीतरी, मुरड्याची गोळी, आणि ‘दोन दिवसाची अँटिबायोटिक’.

पोट साफ करायचं औषध, एरंडेल, एनिमा यांतलं काहीही उजवीकडं खाली दुखणाऱ्याला नको. आतडं जोरानं आवळतं, बुजलेल्या नळीतला दाब वाढतो आणि ती फुटू शकते. अपेंडिक्समध्ये शौचाला साफ होत नाही असं वाटतंच, म्हणून तर लोक हे मागतात. गरम पाण्याची पिशवीही नको. मुरड्याच्या गोळीनं तीन-चार तास बरं वाटतं, मग आणखी एक, मग रात्रीची एक. असं करत दुखणं सुरू झाल्याची वेळच कुणाला आठवत नाही. अँटिबायोटिकचे दोन डोस म्हणजे आग अर्धी झाकणं, ताप उतरतो आणि आत चालूच राहतं.

वेदना असह्य असेल तर पॅरासिटामॉलची एक ५०० किंवा ६५०ची गोळी घोटभर पाण्याबरोबर घ्या, वेळ चिठ्ठीवर लिहा आणि निघा. दुखणं दाबलं तर डॉक्टरला कळणार नाही ही जुनी भीती आहे. दवाखान्यात हल्ली तपासायच्या आधीसुद्धा वेदनेचं इंजेक्शन देतात. धोका गोळीत नाही, गोळी घेऊन घरी थांबण्यात आहे.

बालरोगतज्ज्ञ

पाच वर्षांखालच्या मुलांत हे कमी होतं, पण झालं तर बहुतेक वेळा फुटल्यावरच कळतं. मूल जागा सांगत नाही, सगळं बेंबीवर दाखवतं. नेहमी खेळणारं पोर कडेवरून उतरायला तयार नाही, जेवण बाजूला सारतंय, जिना उतरताना रडतंय, तर विचार करा. ‘उडी मारून दाखव, चॉकलेट देतो’ म्हणा. हसत दोन-तीन उड्या मारल्या तर अपेंडिक्सची शक्यता बरीच कमी होते.

मुलगा असेल तर चड्डी काढून अंडकोष बघितल्याशिवाय पोटदुखी सोडायची नाही. अंडकोषाला पीळ पडला की पोरगं लाजून ‘पोट दुखतंय’ एवढंच सांगतं, आणि तो वाचवायला साधारण ६ तासच असतात.

स्त्रीरोगतज्ज्ञ

पाळी येणाऱ्या वयातली प्रत्येक स्त्री, लग्न झालेली असो वा नसो, उजवीकडं खाली दुखतंय तर लघवीची प्रेग्नन्सी टेस्ट आधी. गर्भाशयाऐवजी गर्भनळीत राहिलेला गर्भ फुटला तर तासाभरात जीव जाऊ शकतो, तो अपेंडिक्सपेक्षा घाईचा. पाळी चुकलीय, चक्कर येतेय, खांद्यात दुखतंय, चेहरा पांढरा पडलाय, तर सोनोग्राफी सेंटर शोधत फिरू नका, थेट मोठ्या दवाखान्यात. सासूसमोर हे विचारू नये, पडद्यामागं विचारावं. खरं उत्तर तिथंच मिळतं.

गरोदरपणात वाढत्या गर्भाशयानं अपेंडिक्स वर सरकतं, त्यामुळं दुखणं बरगडीखालीही येतं. ‘बाळ लाथ मारतंय’ म्हणून सोडू नका. ऑपरेशनपेक्षा फुटलेलं अपेंडिक्स बाळाला जास्त धोक्याचं.

सोनोग्राफी करणारे

आम्ही तीन गोष्टी बघतो: नळीची जाडी ६ मिलिमीटरपेक्षा जास्त आहे का, प्रोबनं दाबल्यावर ती चपटी होते का, आत खडा किंवा बाजूला पाणी आहे का. पोट सुटलेलं असेल, गॅस भरलेला असेल, नळी मागं दडलेली असेल तर ती दिसतच नाही. म्हणून रिपोर्टात ‘अपेंडिक्स दिसलं नाही’ असेल तर त्याचा अर्थ ‘अपेंडिक्स नाही’ असा होत नाही. हा कागद घेऊन आनंदानं गावी जाणारे दुसऱ्या दिवशी परत येतात. तेच रक्ताचं: पांढऱ्या पेशी ११,००० च्या वर गेल्या तर संशय वाढतो, पण पहिल्या काही तासांत त्या नॉर्मलही असतात. शंका उरली तर सर्जन सीटी स्कॅन सांगतात, नाहीतर ६ ते १२ तास दाखल ठेवून पुन्हा पोट बघतात. तोही उपचारच आहे, टाइमपास नव्हे.

आणि डॉक्टरनं सांगितल्याशिवाय सोनोग्राफीसाठी बाटलीभर पाणी ढोसून येऊ नका. त्याच रात्री भूल द्यावी लागली तर अडचण होते.

रुग्णवाहिकेवर काम केलेले

२०१२ साली ब्रिटनमध्ये एक छोटा अभ्यास झाला. दवाखान्यात येताना गतिरोधकावर दुखलं का, एवढंच पेशंटांना विचारलं. अपेंडिक्स पक्कं ठरलेल्या ३४ जणांपैकी ३३ जणांनी होय म्हटलं. आमच्याकडं गतिरोधकाची गरजच नाही, रस्ता ते काम करतो. गाडी आदळल्यावर पेशंट उजवी बाजू धरतो का हे मागं बसलेल्यानं बघावं आणि पोचल्यावर सांगावं. मात्र दुसऱ्या दुखण्यांतही असं होतं, त्यामुळं आदळूनही काहीच दुखलं नाही ही माहिती जास्त उपयोगाची.

मोटरसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून आणू नका. गाडीत उजवं-डावं न बघता, गुडघे मुडपून त्याला बरं वाटेल तसं निजवा.

१०८ ला फोन केल्यावर पहिल्या वाक्यात राज्य, जिल्हा, तालुका, गाव सांगा. चंदगड आणि बेळगाव तालुक्यांच्या हद्दीवर, निपाणी-कागल पट्ट्यात, फोन करणारा नुसतं गावाचं नाव सांगतो आणि तिथंच गोंधळ होतो. पावसाळ्यात निघायच्या आधी पूल विचारा. दूधगंगा-वेदगंगा चढल्या की कारदगा-भोज, मलिकवाड-दत्तवाडसारखे बंधारे पाण्याखाली जातात, आणि रात्री तिथं पोचून परत फिरायचं म्हणजे तास गेला. कणकुंबीकडून बेळगाव गाठायला पावसात नेहमीपेक्षा बराच जास्त वेळ धरा. तिकडच्यांनी ६ तासांची वाटसुद्धा बघू नये, अंधार पडायच्या आत निर्णय घ्यावा. निपाणीहून कोल्हापूर जवळ, बेळगाव जवळजवळ दुप्पट लांब. राज्य कुठलं हे पोटाला कळत नाही, जवळचं धरा.

जाण्याआधी फोन करून दोनच प्रश्न: सर्जन आत्ता आहेत का, भूल देणारे आत्ता आहेत का. ‘दवाखाना चालू आहे का’ विचारलं तर उत्तर कायम होयच येतं.

मराठी सगळीकडं चालतं, पण रात्रीच्या ड्युटीवरचे सगळे मराठी बोलतील असं नाही. एवढं कानडी पाठ असू द्या: होट्टी ब्यानी म्हणजे पोटदुखी, बलगडे केळगे म्हणजे उजवीकडं खाली, निन्नेयिंद म्हणजे कालपासून, ऊटा माडिल्ला म्हणजे जेवलेलं नाही, बसुरी म्हणजे गरोदर. वांती आणि ज्वर दोन्हीकडं तेच.

सर्जन, बेळगाव (पुन्हा)

एक राहिलं होतं. जोरात दुखत असलेलं अचानक थांबलं आणि सगळे ‘देव पावला’ म्हणाले, तर घाबरा. नळी फुटली की दाब उतरतो, तासा-दोन तासांचा आराम मिळतो. मग दुखणं सगळ्या पोटभर, पोट फळीसारखं कडक, नाडी शंभराच्या वर, ताप १०२, जीभ कोरडी, लघवी बंद. इथं मिनिटं मोजायची. फुटण्याचा धोका साधारण पहिल्या दीड दिवसानंतर चढत जातो. म्हाताऱ्यांत आणि मधुमेहींत ताप-दुखणं दोन्ही कमी आणि फुटणं जास्त, त्यांचं ‘थोडंसंच दुखतंय’ मी कधी थोडंसं धरत नाही.

नुसत्या औषधावर बरं होतं का, हा प्रश्न येणारच. न फुटलेलं असेल तर काहींचं होतं. २०२० साली आलेल्या अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत अँटिबायोटिक घेतलेल्यांपैकी १० मधल्या सुमारे ३ जणांना ९० दिवसांत ऑपरेशन करावंच लागलं, आत खडा असलेल्यांत १० मधल्या ४ जणांना. हा पर्याय दाखल होऊन, सर्जनच्या नजरेखाली घ्यायचा असतो. आणि चार-पाच दिवस अंगावर काढून पोटात सुजेचा गोळा झालेला पेशंट आला तर आम्ही उलट लगेच कापत नाही, कारण आतडी चिकटलेली असतात. आधी गोळा जिरवतो.

भूलतज्ज्ञ

भूल देण्याआधी जेवण ६ तास, स्वच्छ पाणी २ तास, अंगावरचं दूध ४ तास बंद. चहात दूध असतं, तो पाण्यात मोडत नाही. घरातून निघताना ‘ताकद यावी’ म्हणून पेज पाजतात, तीही नको. मधुमेहाची, रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल तर पाकीटच घेऊन या.

वॉर्डातली सिस्टर

पिशवीत काय: आधार, रेशन कार्ड, आयुष्मान कार्ड, जुने कागद, आणि एका चिठ्ठीवर दुखणं सुरू झाल्याची वेळ, शेवटचं खाल्ल्याची वेळ, घेतलेल्या गोळ्या. योजनेतून करायचं असेल तर ते दाखल होतानाच काउंटरवर सांगा, डिस्चार्जच्या दिवशी नव्हे.

दुर्बिणीतून झालं तर तीन छोटी छिद्रं, बहुतेक जण एक-दोन दिवसांत घरी. फुटलेलं असेल तर आठवडाभरही लागतो. टाक्यातून पू, १०१ च्या वर ताप, पोट फुगणं, परत उलट्या यांतलं काही दिसलं तर त्याच दिवशी परत या, टाके काढायच्या तारखेची वाट बघू नका. काढलेलं अपेंडिक्स बायोप्सीला जातं आणि त्याचा रिपोर्ट आठ-दहा दिवसांनी येतो. क्वचित त्यात टीबी किंवा गाठ निघते. आमच्या कपाटात न नेलेल्या रिपोर्टांचा गठ्ठा पडून असतो, तेवढा तुमचा घेऊन जा.