डिजेरिडू मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका

वर विचारलंय की रोज झोपताना डिजेरिडू (ऑस्ट्रेलियातल्या मूळ रहिवाशांचं लांब, पोकळ फुंकवाद्य) आणि पावसाचा आवाज लावूनही मन शांत होत नाही, नुसती घरघर वाटते, असं का. माझ्या मते दोष तुमच्या मनाचा नाही, स्पीकरचा आहे. या वाद्याचा मूळ स्वर फार खालचा, बरेचदा ६० ते ८० हर्ट्झच्या आसपास. मोबाइलचा इवलासा स्पीकर तो जवळजवळ गाळूनच टाकतो आणि मागे उरते वरची खरखर. चांगले हेडफोन लावून बघा. पावसाचा आवाजही अगदी बारीक ठेवा.

ऐकताना मी ध्यानासारखे श्वास वगैरे मोजत नाही. वादक गालात साठवलेली हवा बाहेर ढकलतानाच नाकाने श्वास घेतो, म्हणून सूर तुटत नाही. त्या अखंड सुरावर कान ठेवला की मला पुरतं, अगदी तंबोऱ्यासारखं.

आणखी एक, आणि हे मला मनापासून सांगायचंय. उत्तर ऑस्ट्रेलियात आर्नहेम लँडमधले योलंगू हे मूळ रहिवासी डिजेरिडूला यिडाकी म्हणतात. वाळवीने आतून पोखरलेलं निलगिरीचं खोड असतं ते. तिथे ते गाणं, नाच आणि लाकडी काठ्यांच्या ठेक्यासोबत वाजतं. एकट्याने ध्यानासाठी ऐकणं ही बाहेरच्यांची, नंतरची पद्धत. म्हणून 'प्राचीन ध्यानसंगीत' अशा नावाच्या ट्रॅकपेक्षा तिथल्या लोकांनी स्वतः वाजवलेलं शोधा. वादक कधी कधी वाजवतानाच गळ्यातून कुकाबुरा पक्ष्याचा, डिंगो या तिथल्या रानकुत्र्याचा आवाज काढतो. मग पाखरांचा ट्रॅक वेगळा लावावा लागत नाही.