फिल्म लायब्ररी म्हणजे रिकामटेकड्यांचे चाळे? नाही पटलं

गोदाकाठ: काल इथं एकानं लिहिलं की पर्यावरण-विकासाच्या फिल्मा उसन्या देणारी लायब्ररी हे रिकामटेकड्यांचे चाळे, यूट्यूबवर सगळं फुकट आहे, त्या पैशात टँकर आणा. लई राग आला म्हणून सविस्तर लिहायलो. यूट्यूब माणूस एकटा बघतो अन् अंगठ्यानं पुढं ढकलतो. लायब्ररीतून पेनड्राइव्ह अन् प्रोजेक्टर आणला की पारावर गाव जमतंय, संपल्यावर वाद घालतंय, तो वादच पाहिजे. आनंद पटवर्धन-सिमंतिनी धुरू यांची नर्मदेच्या धरणग्रस्तांवरची 1995 ची 'अ नर्मदा डायरी' लावली तेव्हा जायकवाडीत जमीन गेलेले म्हातारे उठून बोलायला लागले. 1976 ला धरणाचं उद्घाटन झालं, तेव्हापासून त्यांचं ऐकलं कुणी?

सोयाबीनवाला: तो एकजण मीच. बोलून मोबदला मिळाला का त्यांना? आमच्याकडं उन्हाळा लागला की टँकर. 2016 ला मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं तेव्हा कॅमेरेवाले ढिगानं आले, शूटिंग करून गेले, परत तोंड दाखवलं नाही.

मास्तरीणबाई: त्यात लायब्ररीचा काय दोष? अन् पाण्याचंच काढलं तर उसाचं बोला ना. मांजरा धरण कोरडं पडलं तरी ऊस लावायचं थांबलं का कुणी?

सोयाबीनवाला: आलात उसावर! ताई, उसाला एफआरपी आहे, म्हणजे कारखान्यानं द्यायचाच असा ठरलेला भाव. 2024 ला सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 4892 रुपये, मी मोंढ्यात चार हजाराच्या आसपास घातलं. दारात कारखान्याची गाडी येती, उसाला गिऱ्हाईक शोधावं लागत नाही. पगार घेऊन शेतकऱ्याला पीक शिकवू नका.

मास्तरीणबाई: पगार काढू नका. माझा बाप कोरडवाहूच करत होता, बोअर मारून मारून कर्जात गेला. शेजारच्या उसानं पाणी ओढलं, हे मी डोळ्यानं बघितलंय.

कोयता_बीड: तुम्ही दोघं पाण्यावर अन् भावावर भांडायलेत, तोडणाऱ्याचं नावच नाही. दिवाळीच्या आसपास अर्धं गाव उठून कारखान्याला जातंय. 2019 ला सरकारी समितीनं बीडच्या 82,309 ऊसतोड बायांची माहिती घेतली, त्यातल्या 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली. माझी आई त्याच वाटेनं गेली, दुखतंय म्हणून दवाखान्यात गेली अन् पिशवी काढून आली, खाडा पडला तर मुकादम पैसे कापतो म्हणून लगेच परत फडात. ह्याची फिल्म आहे का तुमच्या कपाटात?

गोदाकाठ: नाही. मागवायला पाहिजे, खरंय. पण मागवायला कपाट तर पाहिजे ना दादा.

सोयाबीनवाला: टँकरचं माझं म्हणणं मी सोडत नाही. पण कोयतावाल्या भावाचं मुकादमासमोर, कारखान्याच्या चेअरमनसमोर लावणार असाल तर प्रोजेक्टरला लाइट मी देतो, माझ्या घरून वायर ओढा. फक्त मराठीत पाहिजे. इंग्रजी निवेदन अन् खाली बारीक अक्षरं असली की आमच्या बाया दहा मिनिटात उठून जातेत, मग दाखवलं कुणाला?

कोयता_बीड: अन् दिवाळीच्या आधी लावा. नंतर गावात कोण राहतंय बघायला.