पॉपायच्या जुन्या कार्टूनच्या इतक्या वेगवेगळ्या आवृत्त्या का आढळतात?

प्रश्नकर्ता: अटकमटक

केबल दूरचित्रवाणीच्या सुरुवातीच्या काळात, म्हणजे नव्वदच्या दशकात, मी पॉपायची कार्टून नियमाने पाहत असे. त्यांपैकी बरीचशी रंगीत होती, परंतु त्यांचे रंग सपाट होते आणि पात्रांची हालचाल जागोजागी अडखळत असे. अलीकडे त्यांतीलच काही कार्टून कृष्णधवल रूपात पाहण्यात आली, आणि ती इतकी प्रवाही व देखणी वाटली की आपण पूर्वी नेमके काय पाहिले होते, असा प्रश्न पडला. काहींच्या सुरुवातीला जहाजाची दारे उघडतात व मिटतात, तर काहींच्या सुरुवातीला ए. ए. पी. ही अक्षरे येतात. खलनायकही कुठे ब्लूटो असतो, तर कुठे ब्रूटस. यातील मूळ स्वरूप कोणते? आमच्या चित्रपट मंडळात ॲनिमेशनच्या इतिहासावर एक छोटा कार्यक्रम करण्याचा विचार आहे, म्हणून शक्य तितकी मूळ आवृत्ती दाखवावी अशी इच्छा आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर: रीळदार

ब्रूटसचा प्रश्न सोपा आहे, म्हणून तो आधी संपवतो. आपण पाहिलेली ब्रूटसची कार्टून चित्रपटगृहांसाठी तयार झालेलीच नव्हती. पॉपायचे हक्क असलेल्या किंग फीचर्स या कंपनीने १९६० ते १९६२ या काळात खास दूरचित्रवाणीसाठी २२० कार्टून घाईघाईने करवून घेतली. ब्लूटो या नावावर चित्रपटगृहांतील पॉपायचे वितरण करणाऱ्या पॅरामाउंट या चित्रपट कंपनीचा हक्क आहे, अशी त्या वेळी समजूत झाली होती, म्हणून खलनायकाचे नाव बदलण्यात आले. ती समजूत चुकीची होती, पण नाव मात्र रूढ झाले. ही कार्टून आपल्या कार्यक्रमातून वगळली तरी काही बिघडणार नाही.

चित्रपटगृहांतील मालिका ही वेगळीच गोष्ट आहे. ई. सी. सीगर यांच्या वृत्तपत्रीय चित्रमालिकेत पॉपाय जानेवारी १९२९ मध्ये प्रथम अवतरला आणि जुलै १९३३ मध्ये मॅक्स व डेव्ह फ्लायशर या बंधूंच्या न्यूयॉर्कमधील स्टुडिओने त्याला पडद्यावर आणले. कागदोपत्री ते पहिले कार्टून बेटी बूपच्या मालिकेतले होते, पण बेटी त्यात जेमतेम थोडा वेळ नाचून जाते. १९३३ ते १९४२ या काळात फ्लायशर स्टुडिओने १०९ कार्टून केली, आणि त्यानंतर त्याच स्टुडिओच्या जागी पॅरामाउंटने उभ्या केलेल्या फेमस स्टुडिओजने १९५७ पर्यंत आणखी १२२ केली. एकूण २३१. आपल्याला देखणी वाटलेली कृष्णधवल कार्टून बहुधा यांतील पहिल्या गटातली असावीत.

त्या देखणेपणाचे एक कारण केवळ तांत्रिक आहे. मॅक्स फ्लायशर यांनी पेटंट घेतलेल्या एका योजनेत पात्र रंगवलेले पारदर्शक सेल (सेल्युलॉइडचा पातळ तक्ता) दोन काचांमध्ये उभे धरले जाई आणि त्यामागे फिरत्या चौथऱ्यावर खऱ्याखुऱ्या वस्तूंचा छोटा देखावा मांडलेला असे. कॅमेरा समोरून आडवा रोखलेला असल्यामुळे सेल आणि देखावा एकाच वेळी चित्रित होत. प्रत्येक चौकटीगणिक चौथरा किंचित फिरवला की पॉपाय चालत असताना मागच्या भिंती, खांब आणि गल्ल्या खऱ्या खोलीनिशी सरकताना दिसत. नोव्हेंबर १९३६ मध्ये प्रदर्शित झालेल्या, पॉपाय आणि सिंदबाद यांची गाठ घालून देणाऱ्या दोन रिळांच्या रंगीत कार्टूनमध्ये या युक्तीचा सर्वांत दिमाखदार वापर आहे. डिस्नेचा अनेक थरांचा प्रसिद्ध कॅमेरा प्रेक्षकांसमोर आला तो त्यानंतरच्या वर्षी. सिंदबादचे हे कार्टून २००४ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत समाविष्ट झाले. पडद्यावर दिग्दर्शक म्हणून नेहमी डेव्ह फ्लायशर यांचेच नाव येई, पण प्रत्यक्ष काम त्या त्या गटाचे मुख्य ॲनिमेटर सांभाळत, आणि सिंदबादच्या बाबतीत ती जबाबदारी विलार्ड बाउस्की यांच्याकडे होती. हेच बाउस्की पुढे दुसऱ्या महायुद्धात मारले गेले.

दुसरे वैशिष्ट्य आवाजाचे. इतरत्र संवाद आधी मुद्रित करून त्यावर चित्रे काढण्याची पद्धत स्थिरावत होती, तर फ्लायशर स्टुडिओत बराच काळ चित्रे आधी तयार होत आणि कलाकार पडद्याकडे पाहत आवाज देत. पॉपायचा पहिला आवाज विल्यम कॉस्टेलो यांचा होता. १९३५ पासून तो जॅक मर्सर यांच्याकडे आला. मर्सर याच स्टुडिओत चित्रे काढण्याच्या कामावर होते. पॉपाय ओठ न हलवता जे काही पुटपुटत राहतो, त्यातील बरेचसे मर्सर यांनी ऐनवेळी घातलेले आहे. माझ्या मते या मालिकेतील निम्मा विनोद त्या पुटपुटण्यातच आहे. म्हणून कार्यक्रमात ध्वनियंत्रणेकडे विशेष लक्ष द्यावे, नाही तर तो भाग कोणाला ऐकूच येणार नाही.

उत्तर: पडद्यामागे

रीळदार यांनी निर्मितीबद्दल लिहिलेच आहे. स्टुडिओच्या पडझडीचा भाग मी थोडक्यात जोडतो, कारण मालकीचा गुंता तेथूनच सुरू होतो. १९३७ च्या मे महिन्यात स्टुडिओत संप झाला आणि तो ऑक्टोबरपर्यंत चालला. पुढील वर्षी स्टुडिओ न्यूयॉर्कहून मायामीला हलवण्यात आला. मोठ्या लांबीच्या चित्रपटासाठी जागा हवी होती, आणि संघटनांपासून दूर जाण्याची इच्छाही होती. मायामीत खर्च वाढला, पॅरामाउंटचे कर्ज डोक्यावर बसले आणि १९४१ मध्ये पॅरामाउंटने स्टुडिओ ताब्यात घेतला. १९४२ मध्ये त्याचे फेमस स्टुडिओज झाले, फ्लायशर बंधू बाहेर पडले आणि मंडळी पुन्हा न्यूयॉर्कला परतली. १९४३ च्या अखेरपासून मालिका टेक्निकलर या रंगीत चित्रणपद्धतीने होऊ लागली. त्याआधीचे रंगीत पॉपाय केवळ तीन होते: सिंदबाद, अलीबाबा आणि अल्लाउद्दीन यांच्या कथांवरचे.

आता ए. ए. पी. विषयी. पन्नासच्या दशकाच्या मध्यावर पॅरामाउंटने आपली जुनी कार्टून दूरचित्रवाणीसाठी विकली, पण पॉपाय हे पात्र किंग फीचर्सचे असल्यामुळे ही मालिका इतर कार्टूनच्या सौद्यात गेली नाही. ती १९५६ मध्ये असोसिएटेड आर्टिस्ट्स प्रॉडक्शन्स या वितरण कंपनीने स्वतंत्रपणे घेतली. दूरचित्रवाणीवरील प्रतींत पॅरामाउंटचे बोधचिन्ह दिसू नये, असा त्या काळचा दंडक होता. म्हणून आरंभीची व शेवटची पॅरामाउंटची पाटी कापून तेथे नव्या कंपनीची अक्षरे जोडण्यात आली. दूरचित्रवाणी केंद्रांना ज्या १६ मिलिमीटरच्या प्रती मिळत, त्या अशा कापलेल्या रूपातल्याच होत्या. एका पिढीने हेच मूळ रूप मानले. आजही पॉपायचे नाव काढले की त्या अक्षरांसोबतचे संगीत आठवणारे लोक अमेरिकेत पुष्कळ आहेत.

त्यानंतर ही मालिका १९५८ मध्ये युनायटेड आर्टिस्ट्सकडे, पुढे एमजीएमकडे, १९८६ मध्ये टेड टर्नर यांच्याकडे आणि १९९६ मध्ये टाइम वॉर्नरकडे गेली. आपण पाहिलेली अडखळती रंगीत कार्टून टर्नर यांच्या काळातली आहेत. रंगीत दूरचित्रवाणी आल्यावर कृष्णधवल कार्टून दाखवायला वाहिन्या नाखूश असत, म्हणून १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात ती दक्षिण कोरियात हाताने गिरवून पुन्हा रंगवण्यात आली. कामाचा खर्च वाचवण्यासाठी प्रत्येक चौकट न गिरवता मधल्या चौकटी गाळल्या गेल्या. हालचाल अडखळते ती यामुळे. आणि रीळदार ज्या त्रिमितीय देखाव्यांचे वर्णन करतात, त्यांच्या जागी सपाट रंगवलेली पार्श्वभूमी आली. मूळचा फक्त आवाज तेवढा शिल्लक राहिला. मला विचाराल तर ही रंगीत आवृत्ती नव्हे, ती एका चांगल्या कार्टूनची वाईट नक्कल आहे.

प्रश्नकर्ता: अटकमटक

दोघांचेही आभार. आणखी दोन शंका आहेत. पाट्या कापून टाकल्या होत्या, तर आता दिसणाऱ्या प्रतींत पॅरामाउंटच्या बोधचिन्हातला डोंगर पुन्हा कोठून आला? आणि मूळ निगेटिव्ह इतक्या मालकांच्या हातून जाऊनही टिकल्या कशा?

उत्तर: नायट्रेट

दुसऱ्या शंकेपासून सुरुवात करतो. पन्नासच्या दशकाच्या आरंभापर्यंत ३५ मिलिमीटरची चित्रपट-फिल्म सेल्युलोज नायट्रेटवर बनत असे. हे द्रव्य अत्यंत ज्वालाग्राही असते आणि उष्ण-दमट जागी ठेवल्यास हळूहळू विघटन पावते. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात नायट्रेट फिल्मच्या कोठारांना लागलेल्या आगीत आपल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचे जे नुकसान झाले, ते अनेकांना स्मरत असेल. पॉपायच्या बाबतीत सुदैव असे की दूरचित्रवाणीवर मालिका तुफान चालली. ज्या वस्तूतून वर्षानुवर्षे पैसा येतो, तिची मूळ सामग्री मालक सहसा टाकून देत नाही. वितरकांनी पाट्या कापल्या खऱ्या, परंतु प्रती काढण्यासाठी लागणारी सामग्री जपली.

रंगीत कार्टूनना आणखी एका गोष्टीचा लाभ झाला. अभिनेत्यांच्या टेक्निकलर चित्रपटांसाठी तीन निगेटिव्ह एकाच वेळी फिरवणारा अवजड कॅमेरा लागे. कार्टूनमध्ये समोरचे चित्र स्थिर असल्यामुळे एकाच कृष्णधवल पट्टीवर प्रत्येक चित्र लाल, हिरव्या व निळ्या गाळण्यांतून लागोपाठ तीनदा टिपले जाई. म्हणजे निगेटिव्हमध्ये रंगद्रव्य नसतेच, रंगाची माहिती चांदीच्या करड्या छटांत साठवलेली असते. त्यामुळे प्रतींचे रंग कितीही विटले तरी निगेटिव्ह शाबूत असेल तर रंग पुन्हा मिळवता येतात. तिन्ही नोंदी एकाच पट्टीवर शेजारी-शेजारी असल्याने फिल्म आकसली तरी त्या जवळपास सारख्याच आकसतात, आणि संगणकावर एकमेकींवर अचूक बसवणे तुलनेने सोपे जाते. १९४३ नंतरच्या कार्टूनचे ब्ल्यू-रे वॉर्नरने २०१८ पासून काढले, ते अशाच मूळ निगेटिव्ह स्कॅन करून. त्यातील रंग पाहिल्यावर जुन्या प्रतींत केवळ तपकिरी चिखल उरला होता, हे लक्षात येते.

पाट्यांचे उत्तर थोडे गुंतागुंतीचे आहे. २००१ मध्ये अमेरिकेतील कार्टून नेटवर्कवर पॉपायचा एक खास कार्यक्रम सुरू झाला, त्यात प्रथमच ही कार्टून कापाकापीशिवाय, कृष्णधवल असतील तर कृष्णधवलच, दाखवण्याचा आग्रह धरला गेला. ज्यांच्या मूळ पाट्या हाती नव्हत्या, त्यांना उपलब्ध अंशांवरून मूळसदृश पाट्या तयार करून जोडल्या गेल्या. पुढे २००७ मध्ये वॉर्नरने डीव्हीडीचा पहिला संच काढला. त्यात १९३३ ते १९३८ मधील ६० कार्टून होती. त्यासाठी जुनी ३५ मिलिमीटरची सामग्री धुंडाळून बहुतेक कार्टूनना पॅरामाउंटच्या पाट्या परत देण्यात आल्या. हा संच इतका उशिरा येण्यामागे फिल्मच्या अवस्थेपेक्षा कायद्याचा अडसर मोठा होता. फिल्म एकाकडे, पात्र दुसऱ्याकडे, आणि घरगुती वापराच्या चित्रफितींचा हक्क कोणाचा, हे १९५६ च्या करारात लिहिणार तरी कोण? ऐंशीच्या दशकात असा एक प्रयत्न किंग फीचर्सच्या हरकतीमुळे बारगळला होता. २००६ मध्ये दोन्ही पक्षांचा समझोता झाला, तेव्हा मार्ग मोकळा झाला.

उत्तर: रीळदार

नायट्रेट यांचे विवेचन उत्तम आहे. मात्र पडद्यामागे यांच्या शेवटच्या वाक्याशी मी पूर्णपणे सहमत नाही. कोरियात रंगवलेल्या प्रती कलाकृती म्हणून टाकाऊ आहेत, हे मान्य. परंतु भारतासह अनेक देशांतील मुलांनी पॉपाय त्याच रूपात पाहिला, म्हणून प्रसाराचा इतिहास लिहायचा तर त्याही जपायला हव्यात. ए. ए. पी.च्या पाट्यांबद्दलही मी हेच म्हणेन. मंडळाच्या कार्यक्रमात एकाच कार्टूनची दोन मिनिटे आधी रंगवलेल्या प्रतीतून आणि मग मूळ कृष्णधवल प्रतीतून दाखवली, तर तासाभराच्या व्याख्यानाचे काम होईल.

उत्तर: पडद्यामागे

जपण्याला माझा विरोध नाही, मूळ म्हणून दाखवण्याला आहे. दोन मिनिटांच्या तुलनेची कल्पना मात्र मला पटली. त्यासाठी फिरत्या चौथऱ्याचा देखावा असलेले कार्टून निवडावे, म्हणजे काय गमावले गेले ते एका दृष्टिक्षेपात दिसेल.

निवडीबद्दल आणखी एक सूचना. सिंदबाद, अलीबाबा आणि अल्लाउद्दीन ही तिन्ही रंगीत कार्टून अमेरिकेत स्वामित्वहक्काच्या नूतनीकरणाअभावी सार्वजनिक मालकीची झाली, त्यामुळे त्यांच्या विटलेल्या, कापलेल्या, कितव्या तरी पिढीच्या प्रती आंतरजालावर मुबलक आहेत. फुकट मिळतात म्हणून त्या वापरू नयेत. वॉर्नरच्या डीव्हीडी संचांतील प्रतीच घ्याव्यात.

उत्तर: नायट्रेट

सहमत. त्याचबरोबर १९४१ ते १९४३ च्या तिसऱ्या संचाबाबत सावध करतो. त्यात महायुद्धकाळातील काही कार्टून आहेत आणि त्यांतील जपानी लोकांचे चित्रण उघडपणे वर्णद्वेषी आहे. वॉर्नरने ती वगळली नाहीत, प्रेक्षकांसाठी सूचना जोडून जशीच्या तशी दिली, आणि संग्रहाच्या दृष्टीने तेच योग्य होते. पण मुलांसमोर संच सरसकट लावून देऊ नये. पहिल्या संचातून सिंदबाद आणि १९३५ ते १९३७ मधील तीन-चार कृष्णधवल कार्टून घेतली, तर प्रत्येकी सुमारे सहा-सात मिनिटांची ती आणि सोळा मिनिटांच्या आसपासचे सिंदबाद मिळून पाऊण तासाचा कार्यक्रम सहज होतो. जाहीर प्रदर्शनासाठी हक्कधारकांची परवानगी लागते, ती आधी मिळवावी.