संघात चार नवे खेळाडू, बॉल आपल्याकडंच, पण गोल होईना

साईडलाईन
नमस्कार मंडळी. आमचा फुटबॉल संघ कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर वरिष्ठ गटात खेळतो. गेल्या हंगामात ४-४-२ खेळायचो, म्हणजे चार बचावाला, चार मधे, दोन पुढं. पुढं दोन चपळ पोरं, मागून बचावफळीच्या डोक्यावरून लांब बॉल, आणि पळापळी. त्यातले दोघंही यंदा गेले. त्यांच्या बदल्यात उंचापुरा नायजेरियन स्ट्रायकर आला, कडेनं खेळणारे दोन विंगर बाहेरून आले आणि दहा नंबरला, म्हणजे स्ट्रायकरच्या मागच्या जागेला, दुसऱ्या पेठेतला पोरगा घेतला. आता ४-२-३-१ खेळतोय: चार बचावाला, दोघं मधे, त्यांच्यापुढं दोन विंगर आणि दहा नंबर, सगळ्यांत पुढं स्ट्रायकर. बचावफळी आणि मधले दोघं जुनेच आहेत.

बॉल आपल्याकडं राहतो, फटकेही बसतात, पण बहुतेक डीच्या (पेनल्टी एरियाच्या) बाहेरून. लांब बॉल गेला की स्ट्रायकर हेड जिंकतो, पण खाली पडलेला बॉल घ्यायला कोणी नसतं. उजवा विंगर डाव्या पायाचा, तो आत येतो. डावा विंगरही आतच येतो. दहा नंबर तिथंच उभा. तिघं एका चादरीएवढ्या जागेत. साठ मिनिटांनंतर पाय जड होतात, गॅलरीतून 'मार, मार' सुरू होतं आणि मग कुठूनही फटके.

सराव संध्याकाळी, अर्ध्या मैदानात, आणि सव्वासहानंतर बॉल नीट दिसत नाही. आधी काय बदलावं? रचना, खेळाडू की सराव?

मधली फळी
रचनेला अजून हात लावू नका. आधी गेल्या दोन-तीन सामन्यांचं मोबाइलवरचं शूटिंग घेऊन बसा. कागदावर डी काढा, प्रत्येक फटक्याला एक खूण करा आणि त्या फटक्याआधीचा पास कुठून आला ते बाणानं दाखवा. व्यावसायिक फुटबॉलमध्ये पेनल्टी साधारण चारात तीन आत जातात. छोट्या डीच्या पुढ्यात, दोन्ही खांबांच्या रुंदीत मारलेला फटका पाच-सहांत एकदा जातो. मोठ्या डीच्या बाहेरून, म्हणजे १६.५ मीटरच्या पलीकडून, पंचवीस-तीस फटक्यांत एखादा. तुमच्या कागदावर सगळ्या खुणा डीच्या बाहेर असतील तर पोरांना फिनिशिंग येत नाही असं म्हणू नका. बॉल आत पोहोचतच नाही, दुखणं ते आहे. अशा वेळी बरेच प्रशिक्षक आठवडाभर गोलवर फटके मारायचा सराव घेतात आणि तो आठवडा फुकट जातो.

आता तिघं एका जागी येतात त्याबद्दल. मैदानाचे उभे पाच पट्टे करा: दोन कडेचे, एक मधला, आणि त्यांच्या मधले दोन. सरावाला चुन्याची फक्की टाका, नाहीतर सपाट कोन ठेवा. चढाई शेवटच्या टप्प्यात आली की पुढच्या पाचांनी पाच वेगवेगळ्या पट्ट्यांत असलं पाहिजे. विंगर आत आला तर कड रिकामी होते, ती त्या बाजूच्या बॅकनं (कडेच्या बचावपटूनं) भरायची. दोन्ही बाजूंनी एकदम नाही, एका वेळी एकाच बाजूनं. दुसरीकडचा विंगर कडेलाच चिकटून उभा राहील, बुटाला चुना लागला पाहिजे. त्याला बॉल मिळत नाही म्हणून तो वैतागेल. पण तो बाहेर उभा आहे म्हणूनच समोरचा बॅक बाहेर ओढला जातो आणि मधे फट पडते, हे त्याला शूटिंगवर थांबवून दाखवा. तोंडी सांगून पटत नाही.

स्ट्रायकरच्या हेडनंतर खाली पडणारा दुसरा बॉल हा निव्वळ वेळेचा प्रश्न आहे. दहा नंबर हेड झाल्यावर पळतो, तिथंच उशीर होतो. बॉल हवेत असतानाच त्यानं स्ट्रायकरच्या सहा ते आठ मीटर जवळ, थोडं मागच्या अंगाला पोहोचलं पाहिजे. त्याच वेळी लांबच्या बाजूचा विंगर स्ट्रायकरच्या पाठीमागं धावतो, म्हणजे हेडनं बॉल मागं सरकवला (फ्लिक) तरी कोणीतरी असतो. मधल्या दोघांपैकी एकजण पंधरा मीटर मागं, उलटा आलेला बॉल उचलायला.

हा सराव अर्ध्या मैदानात बसतो. मध्यरेषेवरून सेंटर बॅक लांब बॉल टाकतो. पुढं स्ट्रायकर, दहा नंबर, दोन विंगर; समोर तीन बचावपटू आणि गोलरक्षक. स्ट्रायकरचा स्पर्श झाल्यापासून सहा सेकंदांत फटका गेला पाहिजे, नाहीतर बॉल मेला. आठ बॉल झाले की दोन मिनिटं दम, असे चार फेरे. पहिल्या दिवशी बचावपटूंनी नुसतं उभं राहायचं, दुसऱ्या दिवशी निम्म्या जोरानं, तिसऱ्या दिवशी पूर्ण. प्रतिस्पर्धी नसताना चाल घोटून घेतली तर सरावात देखणी दिसते आणि सामन्यात मोडते, कारण पळायची खूण समोरच्या बचावपटूच्या हालचालीतून मिळते आणि सरावात तो नव्हताच.

चार खेळाडू अकरांत बसवायचे असा विचार करू नका. जोड्या बसवा. तुमच्याकडं तीनच जोड्या महत्त्वाच्या आहेत: स्ट्रायकर–दहा नंबर, उजवा बॅक–उजवा विंगर, आणि मधल्यांपैकी चांगला पास देणारा–दहा नंबर. प्रत्येक सरावात एका जोडीला पंधरा मिनिटं.

डावा पाय
वरचं बहुतेक पटतं, पण माझ्या मते एकदम चारही नव्यांना पहिल्या अकरांत खेळवणं हीच अडचण आहे. डावी बाजू गेल्या वर्षीचीच ठेवा. डावा बॅक जुना आहे, त्याच्यापुढं संघातलाच जुना कोणीतरी द्या, भले तो नव्या विंगरपेक्षा थोडा कमी असेना. एक बाजू न बोलता चालली की सगळं लक्ष उजवीकडं देता येतं. नवा डावा विंगर पंचावन्न-साठाव्या मिनिटाला उतरवा, समोरचा बॅक दमलेला असताना. बदली खेळाडू किती चालतात ते त्या त्या स्पर्धेच्या नियमावलीत आधी बघून घ्या.

साठ मिनिटांनंतर पाय जड होतात त्याचं कारण बहुधा असं, की बाहेरून आलेली पोरं हंगाम तोंडावर आल्यावर दाखल होतात आणि पूर्वतयारीचे आठवडे त्यांच्या पायांत नसतात. त्यांना मैदानाभोवती फेऱ्या मारायला लावू नका. आठवड्यातून दोनदा, सराव सुरू होताना ताज्या पायांनी, ३० मीटरच्या सहा ते आठ पूर्ण वेगाच्या धावा, मधे दीड-दोन मिनिटं चालत विश्रांती. सरावाच्या शेवटी दमलेल्या पायांनी स्प्रिंट घेतले की मांडीमागचा स्नायू जातो. सामन्याच्या आदल्या दिवशी स्प्रिंट नकोत.

आणि मैदानाचा विचार करा. उन्हानं कडक झालेल्या मैदानावर डोक्यावरून टाकलेला बॉल पहिल्याच टप्प्याला उसळून थेट गोलरक्षकाच्या हातात जातो. गेल्या वर्षीची चपळ पोरं तो गाठायची, हा स्ट्रायकर गाठणार नाही. लांब बॉल टाकायचाच असेल तर त्याच्या छातीवर नाहीतर डोक्यावर, किंवा बॅकच्या मागं कॉर्नर फ्लॅगच्या दिशेनं. मधोमध मोकळ्या जागेत नाही. तुमचे सेंटर बॅक अजून गेल्या हंगामाच्या सवयीनं बॉल टाकतायत असं वाटतंय. शिकवणी नव्यांना देताय, ती जुन्यांनाही लागेल.

कॉर्नर फ्लॅग
समन्वय जुळायला वेळ लागणारच. तोवर गोल सेट पीसवर, म्हणजे कॉर्नर, थ्रो-इन अशा थांबलेल्या बॉलवर काढा. त्याला एकमेकांची सवय कमी लागते, पाठांतर जास्त लागतं, आणि दोन-तीन संध्याकाळींत पाठ होतं. उंच स्ट्रायकर आणि डाव्या पायाचा विंगर तुमच्याकडं आहेच.

उजवीकडचा कॉर्नर त्या डाव्या पायानं गोलकडं वळणारा मारायचा, छोट्या डीच्या जवळच्या कोपऱ्यावर, डोक्याच्या उंचीला. चौघं पेनल्टी स्पॉटच्या आसपास घोळक्यात सुरुवात करतात, बॉल मारणाऱ्यानं हात खाली आणला की सुटतात: एक जवळच्या खांबाकडं, स्ट्रायकर त्याच्या मागोमाग मधे, एक लांबच्या खांबाला, एक स्पॉटवर थांबतो. पाचवा गोलरक्षकापुढं उभा राहतो. नुसता उभा. हात लावला किंवा त्याची वाट अडवायला सरकला की पंच फाउल देतात. दोघं डीच्या टोकावर निसटलेल्या बॉलसाठी, दोघं मागं मध्यरेषेजवळ. बहुतेक संघ चुकतात ते बॉल मारण्यात. पहिल्याच बचावपटूच्या डोक्याला लागला तर बाकीच्यांची धाव वाया. म्हणून मारणारा एकच ठेवा, आणि त्यानं प्रत्येक सरावाला वीस कॉर्नर मारून मगच घरी जायचं.

थ्रो-इनकडं तर कोणी बघतच नाही. थ्रो-इनवरून थेट मिळालेल्या बॉलवर ऑफसाइड नसतो. म्हणजे स्ट्रायकर बचावफळीच्या मागं जाऊन उभा राहू शकतो. त्याला कोणी ना कोणी चिकटणार, म्हणजे मधे जागा होते. दोन्ही पाय जमिनीवर, रेषेवर किंवा रेषेबाहेर, आणि बॉल डोक्यामागून डोक्यावरून, एवढं मात्र घोटून घ्या. आक्रमणातले थ्रो चुकीचे टाकून घालवू नका.

गांधी मैदान कट्टा
एक राहिलं. नायजेरियन खेळाडूला मैदानात काय ओरडून सांगता? 'सोड', 'फिर', 'मागं आहे' त्याला कळणार नाही, आणि इंग्रजीत लांबलचक सांगायला वेळ नसतो. पाच शब्द ठरवा आणि ते अकराही जणांनी वापरायचे: मॅन (मागं बचावपटू आहे), टर्न (फिर), टाइम (वेळ आहे), बॅक (मागं परत दे), लीव्ह (सोड). ओरडायचं पास देणाऱ्यानं, कारण घेणाऱ्याची पाठ असते.

तरीही गॅलरी भरली की काही ऐकू येत नाही. म्हणून हाताची खूण लागते. स्ट्रायकरनं तळहात खाली, मांडीजवळ दाखवला तर बॉल पायात. बोट बाजूला रोखलं तर मोकळ्या जागेत. खूण न करता तो पळाला तर पास द्यायचा नाही, हा नियम सरावात आठवडाभर कडक पाळा. आपसूक सवय लागते.

साईडलाईन
सगळ्यांचे मनापासून आभार. कागदावर खुणा काढल्या, डीच्या आत मोजून चारच आहेत आणि त्याही कडेला. आता अडचण अशी की उजवा बॅक संथ आहे. बचावात पक्का, पण वर जाऊन परत यायला त्याला वेळ लागतो. मग विंगर आत आल्यावर कड कोण भरणार?

मधली फळी
मग त्याला भरायला लावूच नका. डाव्या पायाच्या विंगरला डावीकडं न्या. तिथं तो कडेनं जाऊन डाव्या पायानं क्रॉस (कडेवरून गोलपुढं बॉल) टाकेल, आणि उंच स्ट्रायकरला तेच हवंय. कॉर्नर मात्र उजवीकडचेच त्याला द्या. उजवीकडं सरळ खेळणारा, कडेला राहणारा उजव्या पायाचा पोरगा ठेवा, बॅक त्याच्या मागं दहा मीटरवर थांबेल. 'डावा पाय' म्हणतात तशी डावी बाजू पूर्ण जुनी राहणार नाही, पण जुना डावा बॅक आहे तो सांभाळून घेईल. त्यालाच वर सोडा.

अशानं चढाईच्या वेळी मागं तिघं आपोआप राहतात: दोन सेंटर बॅक आणि उजवा बॅक. त्यांच्यापुढं मधल्यांपैकी एक कायम थांबला पाहिजे. बॉल गेला की त्यानं पहिल्या पाच सेकंदांत बॉलवाल्याला गाठायचं, नाहीतर सरळ मागं यायचं. मधेच घुटमळला की प्रतिहल्ला त्याच्या बाजूनंच निघतो.

क्रॉसचं पण ठरवा. डावीकडून क्रॉस येणार असेल तर उजवा विंगर लांबच्या खांबाला, दहा नंबर पेनल्टी स्पॉटला, स्ट्रायकर जवळच्या खांबाकडं. स्ट्रायकरनं आधी दोन पावलं लांबच्या खांबाकडं टाकायची आणि मग जवळ घुसायचं. बचावपटूची नजर बॉलवर जाते त्या क्षणी.

डावा पाय
हे जमेल. माझा डाव्या बाजूचा आग्रह सोडतो, पण नवा दहा नंबर आणि नवा उजवा विंगर यांच्यातला एकच सुरुवातीपासून खेळवा. आणि हीच अकरा सलग तीन सामने ठेवा, दुखापत सोडून बदल नको. एका सामन्यात गोल नाही झाला म्हणून पेठेतून फोन येतील, तरी ठेवा. तीन सामन्यांनंतर तोच कागद पुन्हा काढा आणि खुणा डीच्या आत सरकल्यात का तेवढं बघा.

साईडलाईन
ठीक. उद्यापासून सहा सेकंदांचा सराव आणि कॉर्नर सुरू करतो. तीन सामने झाले की कागदाचा फोटो इथंच टाकतो.