हजरत खदीजांचा व्यापार नेमका चालायचा कसा?

प्रश्न (दारव्हा तालुका): महिला बचत गटाच्या बैठकीत मुहम्मद पैगंबरांच्या पहिल्या पत्नी हजरत खदीजांवर बोलायचं आहे जी. "श्रीमंत होत्या, व्यापार करायच्या" यापुढे कोणी सांगत नाही. मक्केत राहून शामपर्यंतचा (सिरियाकडच्या मुलखापर्यंतचा) धंदा कसा सांभाळायच्या? माल बुडाला तर कोणाचा?

उत्तर (कारंजा लाड): ताई, कुरैश या मक्केतल्या टोळीचे तांडे हिवाळ्यात यमनला आणि उन्हाळ्यात शामला जायचे. खदीजा स्वतः जात नसत. भांडवल त्यांचं, प्रवास नि खरेदी-विक्री दुसऱ्याची. याला मुदारबा म्हणतात. वाटा निघण्याआधीच ठरायचा. 595 च्या सुमारास पंचविशीतले मुहम्मद पैगंबर त्यांचा माल घेऊन शाममधल्या बुसरा शहराकडे गेले, सोबत खदीजांचा गुलाम मैसरा होता. इतरांपेक्षा जास्त वाटा देऊ, असं खदीजांनी आधीच कबूल केलं होतं. पारख तिथंच दिसते.

पुढे फिकहमध्ये, म्हणजे इस्लामी कायद्यात, नियम पक्के झाले. परतल्यावर आधी भांडवल बाजूला काढायचं, उरेल तोच नफा. खोट आली तर भांडवलवाल्याची, फिरणाऱ्याची मेहनत वाया. मात्र त्यानं हलगर्जी केली किंवा अट मोडली, तर भरपाई त्याच्याकडून.

प्रश्नकर्ती: मग वाट्याऐवजी ठरावीक रक्कम बांधून घेतली तर?

उत्तर (कारंजा लाड): करार बाद. बटई चालते, मक्ता नाही. नफा बांधलेल्या रकमेइतकाच झाला तर दुसऱ्याच्या हाती काहीच उरत नाही, म्हणून निम्मा, तिसरा असा हिस्साच ठरवायचा. गटाला हे नीट समजावून सांगा.

उत्तर (मंगरूळपीर): व्यापारावरच थांबू नका ताई. 610 मध्ये पहिल्या वहीनंतर (अल्लाहकडून आलेल्या संदेशानंतर) पैगंबर घाबरलेले घरी आले, तेव्हा "मला पांघरूण घाला" म्हणाले. खदीजांनी पांघरूण घातलं, धीर दिला, मग चुलतभाऊ वरका बिन नौफलकडे नेलं. सर्वात आधी ईमान आणलं, म्हणजे इस्लामवर विश्वास ठेवला, ते त्यांनीच.

कुरैशांनी पैगंबरांच्या बनू हाशिम कुळावर सुमारे 3 वर्षं बहिष्कार टाकला, सोयरीक बंद, खरेदी-विक्री बंद. माहेर बनू असदचं असूनही त्या नवऱ्याच्या कुळासोबत राहिल्या. भाचा हकीम बिन हिजाम त्यांच्यासाठी गहू नेत असताना कुरैशांचा पुढारी अबू जहलनं वाट अडवली. अबुल बख्तरी नावाचा माणूस मध्ये पडला, "आत्याचं धान्य अडवतोस?" म्हणाला आणि उंटाच्या जबड्याचं हाड घेऊन अबू जहलला मारलं. गटातल्या बायांना हा प्रसंग नक्की सांगा.

619 मध्ये त्या वारल्या, कबर मक्केत हजून भागात. लग्नाच्या वेळचं वय 40 सांगतात, पण 28 चीही रिवायत (परंपरेनं आलेली नोंद) आहे, तेव्हा वयावर जोर देऊ नका.