सात महिन्यांच्या बाळाची जन्मापासूनची सर्दी: हा सिलियांचा विकार असेल का?

सातपूरची आई:
आमची मुलगी पूर्ण दिवसांची जन्मली, तरीही दुसऱ्या दिवशी तिला धाप लागली आणि आठवडाभर एनआयसीयूत (नवजात बालकांच्या अतिदक्षता विभागात) ऑक्सिजनवर ठेवावे लागले. तेव्हापासून तिचे नाक एक दिवसही मोकळे झालेले नाही, आणि ओला खोकला रोजचाच आहे. हिवाळाभर सर्वांनी नाशिकच्या थंडीला बोल लावला. पण वैशाखाच्या उन्हातही काही फरक पडला नाही. आता एक्स-रेत हृदय उजवीकडे दिसल्याने डॉक्टरांनी ‘पीसीडी’ची (प्रायमरी सिलियरी डिस्किनेशिया या सिलियांच्या विकाराची) शंका व्यक्त केली आहे. आमचे लग्न आते-मामे नात्यातले आहे. कृपया मार्गदर्शन करावे.

बालरोगतज्ज्ञ, गंगापूर रोड:
ताई, डॉक्टरांची शंका रास्त आहे. नाकापासून फुफ्फुसांपर्यंतच्या पेशींवर सिलिया नावाचे सूक्ष्म तंतू असतात आणि ते सेकंदाला दहाबारा वेळा एका लयीत हलून शेंबूड व कफ घशाकडे ढकलतात. प्रायमरी सिलियरी डिस्किनेशियात ही हालचाल जन्मतःच बिघडलेली असते. गर्भात अवयवांची डावी-उजवी बाजू ठरवण्यातही सिलियांचाच वाटा असल्याने सुमारे निम्म्या रुग्णांत हृदय उजवीकडे असते. आजार बहुधा आई आणि वडील दोघांकडून आलेल्या सदोष जनुकांमुळे होतो, त्यामुळे नात्यातील लग्नाचा उल्लेख आपण केलात हे बरे झाले. मात्र यात कोणाचाही दोष नाही.

निदान एका तपासणीने होत नाही. नाकातील नायट्रिक ऑक्साइड मोजण्याची चाचणी पाच वर्षांखाली फारशी भरवशाची नसते, म्हणून या वयात जनुकीय तपासणी आणि नाकातून ब्रशने घेतलेल्या पेशींची इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालील पाहणी यांवर भर द्यावा. नमुना ताज्या संसर्गात घेऊ नये, कारण साध्या विषाणूनेही सिलिया तात्पुरत्या बिघडतात. सिस्टिक फायब्रोसिस हा कफ घट्ट करणारा दुसरा जनुकीय आजार वगळण्यासाठी घामाची चाचणी आणि हृदयाची रचना पाहण्यासाठी इको (हृदयाची सोनोग्राफी) अवश्य करून घ्यावा.

इंदिरानगरचे एक वडील:
माझ्या मुलाचे निदान नवव्या वर्षी झाले. तोवर प्रत्येक ठिकाणी ‘ॲलर्जी’ असेच सांगितले गेले आणि जन्मानंतरच्या धापेबद्दल कोणी विचारलेच नाही, याचे दुःख आजही आहे. म्हणून एनआयसीयूचे डिस्चार्ज कार्ड प्रत्येक डॉक्टरांना स्वतःहून दाखवा. खोकला दाबणारे औषध देऊ नका, कारण कफ बाहेर काढण्याचे काम आता खोकलाच करतो. छातीची फिजिओथेरपी शिकून घ्या. कानांत पाणी साचून ऐकू कमी येते आणि बोलणे लांबते, तेव्हा श्रवणचाचणी नियमित करा.

सातपूरची आई:
आपणा दोघांची ऋणी आहे. डिस्चार्ज कार्ड आजच शोधून ठेवते, आणि सोमवारी इको करून घेते.