बी.एड.चे ते 20 आठवडे

गणितात एमएस्सी झालंय, आता बी.एड.ला हजेरी न लागणारं कॉलेज पाहू का, असं तुम्ही विचारलंय. कळकळीनं सांगतो, तसलं घेऊ नका. 2015 पासून कोर्स दोन वर्षांचा झाला, त्यातले 20 आठवडे शाळेत काढायचे असतात. खरं शिक्षण तिथेच होतं. मी बीड जिल्ह्यातल्या एका शाळेत होतो. दिवाळीनंतर आईबाप ऊसतोडीला निघाले अन् नववीचा अर्धा वर्ग रिकामा! महिन्याभरानं परतलेल्या पोराला बीजगणित कुठून धरून शिकवायचं, हे पाठाच्या वहीत नव्हतं. तिथल्या सरांनी मला मागच्या बाकावर बसवून ते दाखवलं.

नोकरीसाठी अभियोग्यता चाचणीची (शिक्षक भरतीच्या परीक्षेची) तयारी आत्तापासूनच ठेवा. आणि लागलात तरी माध्यमिक शाळेत पहिली तीन वर्षं शिक्षण सेवक म्हणून महिना 18,000 मानधन, हे घरी आधीच सांगून ठेवा.